माप आणि तोल

खर्डा म्हटले की लढाई, आणि लढाई म्हटली की ११ मार्च १७९५ ही तारीख, हे आपल्या गावातील शाळकरी मुलालाही पाठ असते. निंबाळकरांचा किल्ला, सवाई माधवरावांची स्वारी, नाना फडणिसांची मसलत, परशुरामभाऊ पटवर्धनांचे सेनापतिपद आणि किल्ल्यात कोंडला गेलेला निजामअली, या विषयांवर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि यापुढेही लिहिले जाईल. परंतु त्या दोन्ही छावण्यांत जी हजारो माणसे होती ती रोज काही तरी खात होती. कोणी धान्य मोजून देत होते, कोणी दळत होते, कोणी भाकरी थापत होते. हा इतिहास बखरीत सापडत नाही. आपली स्मरणिका महिलांची; तेव्हा तलवारीची बाजू पुरुषमंडळींकडे ठेवून आपण शेर-पायलीची बाजू घ्यावी, असे वाटून हा लेख लिहिला आहे.

त्या लढाईशी आपल्या विषयाचा एक धागा मात्र आहे. निजामाच्या कवायती पलटणींचा सरदार रेमों हा फ्रेंच होता, आणि दौलतराव शिंद्यांच्या पलटणी घेऊन आलेला पेराँ हाही फ्रेंचच. हे दोघे येथे एकमेकांविरुद्ध लढत असताना त्यांच्या मायदेशात राज्यक्रांती होऊन राजा जाऊन दोन वर्षे लोटली होती, आणि नवे सरकार जुनी वजने-मापे मोडीत काढण्याच्या खटपटीत होते. खर्ड्याच्या लढाईनंतर बरोबर सत्तावीस दिवसांनी, ७ एप्रिल १७९५ रोजी, फ्रान्समध्ये तो कायदा झाला. मीटर, लिटर आणि ग्रॅम ही नावे त्या कायद्याने रूढ केली. ग्रॅम म्हणजे किती, तर एक सेंटिमीटर लांब, तितक्याच रुंद आणि तितक्याच उंच जागेत मावणाऱ्या थंडगार शुद्ध पाण्याचे वजन. म्हणजे माप आणि तोल यांची गाठ त्या कायद्याने पाण्याच्या साक्षीने मारून दिली. खर्ड्याच्या पेठेत त्या वेळी कोणाच्या कानावर ही गोष्ट येण्याचे कारण नव्हते. ती येथे पोचावयास पावणेदोनशे वर्षांच्या आत-बाहेर काळ लागला.

तोपर्यंत आपल्याकडे राज्य होते मापाचे. धान्य मापावयाचे आणि सोने-मसाला तोलावयाचा, ही आपली जुनी रीत. कुडव, प्रस्थ, आढक, द्रोण ही संस्कृत ग्रंथांतील मापे चौपटीने वाढत जातात, आणि सोळा द्रोणांची एक खारी होते. इसवी सन ११५० च्या सुमाराचा भास्कराचार्यांचा ‘लीलावती’ हा ग्रंथ गणिताचा म्हणून सर्वांस ऐकून ठाऊक आहे. पण त्यात खळ्यावरील धान्याच्या राशीचे गणित आहे, हे फारसे कोणाच्या लक्षात नसते. राशीभोवती दोरी फिरवून घेर मोजावा, त्याचा सहावा भाग काढून त्याचा वर्ग करावा आणि त्यास राशीच्या उंचीने गुणावे, म्हणजे रास किती घनहात भरेल ते कळते. घेर साठ हात व उंची सहा हात असेल तर सहाशे घनहात, म्हणजेच सहाशे खारी. यातही बारकावा असा की, उंची मोजता येत नसेल तर जाड धान्याची उंची घेराच्या दहाव्या हिश्शाने, बारीक धान्याची अकराव्या हिश्शाने आणि कुसळाच्या धान्याची नवव्या हिश्शाने धरावी. बारीक दाणा घसरतो, कुसळाचा दाणा एकमेकांत अडकून उभा राहतो. सुपात एकदा राळा आणि एकदा साळ घेऊन पाखडणाऱ्या बाईला हे आचार्यांनी वेगळे सांगावयास नको.

आता आपल्याकडचे कोष्टक. हे आपल्या आज्या-पणज्यांच्या तोंडी होते, आजच्या मुलींना ते परके वाटेल, म्हणून लिहून ठेवते. दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे आणि दोन मापट्यांचा एक शेर. दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. पुढे कोठे बारा पायल्यांचा मण तर कोठे सोळा पायल्यांचा, आणि वीस मणांची खंडी. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, पायलीपर्यंत सगळा हिशेब दुपटीचा आहे. ज्या बाईला अक्षरओळख नाही तीदेखील अर्धे आणि त्याचे अर्धे करू शकते. शेराचे दोन वाटे केले की मापटे, त्याचे दोन वाटे केले की चिपटे. त्यास पाटी लागत नाही की पेन्सिल लागत नाही.

पण शेर म्हणजे नेमके किती? येथेच सारी गोम आहे. एका पेठेतला शेर दुसऱ्या पेठेत शेरच भरेल अशी खात्री नव्हती. खर्डा ही तर सरहद्दीवरची पेठ. बालाघाटावरून उतरणारे धान्य येथे यावयाचे आणि पश्चिमेस पुण्याकडे जावयाचे. धान्याचा आणि कापडाचा मोठा व्यापार येथे इंग्रजी अमदानीतही चालत असे. जामखेड तालुक्याला लागूनच निजामाचा मुलूख, तिकडचे नाणे हाली शिक्क्याचे, तिकडची मापे तिकडची. लेक पलीकडच्या गावी दिली म्हणजे तिला नाण्याचा बट्टा जसा शिकावा लागे, तसाच मापाचा फरकही शिकावा लागे. माहेरच्या शेराने सासरचा भात शिजविला तर एखादे वेळी पंगत उपाशी उठावयाची.

माप किती भरावयाचे, हा त्याहून मोठा प्रश्न. काठोकाठ सपाट भरावयाचे की शीग लावावयाची? शीग म्हणजे मापाच्या तोंडावर उभी राहणारी धान्याची टोपी. आपण आज उत्साह शिगेला पोचला म्हणतो, ती हीच शीग. तोंड रुंद असलेल्या बसक्या मापावर शीग मोठी राहते, अरुंद उंच मापावर लहान. आत धान्य तेवढेच मावत असले तरी शिगेत फरक पडतो. धान्य उंचावरून सोडले, माप हलविले, जमिनीवर ठोकले, तर दाणे बसतात आणि जास्त मावते. हळूच ओतले तर पोकळ भरते. भरणाऱ्याने अंगठा आत धरला तर प्रत्येक मापामागे अंगठाभर धान्य त्याचे. ‘मापात पाप’ ही म्हण आपल्या लोकांनी उगाच केलेली नाही. तोलात लबाडी होत नाही असे माझे म्हणणे नाही, काटाही मारता येतोच. पण मापात लबाडी करण्यास कसलीही हत्यारे लागत नाहीत, मनगट पुरते.

हे पाप कोणाच्या पदरी पडे, तर बहुधा घेणाऱ्याच्या. आणि घेणारी पुष्कळ वेळा बाई असे. सुगीत काढणी-मळणीला गेलेल्या बायकांची मजुरी धान्यात मिळे, आणि ती मापाने मिळे. अडीअडचणीला सावकाराकडून दाणे काढले तर ते सवाईने किंवा दिढीने फेडावयाचे, म्हणजे मणाला सव्वा मण किंवा दीड मण. आता देताना पोकळ माप आणि घेताना शीग लावून ठोकलेले माप, असे झाले म्हणजे दिढीची दुप्पट केव्हा झाली हे कळतही नसे. १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाले. आपल्या जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदे, नगर, कर्जत या तालुक्यांत त्याची झळ लागली. कर्जाचे रोखे हिसकावून घेऊन जाळण्यात आले. रोखा जळतो, कारण तो कागद असतो. मनगटातले माप जाळता येत नाही, आणि त्याची नोंद कोणत्याही कागदात झालेली नसते.

तरीही माप ही वस्तू आपल्याकडे मंगल मानली गेली. खळ्यावर रास मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणावयाचे, हा रिवाज वडीलधाऱ्यांनी पाहिलेला आहे. नवी सून घरात येते ती उंबऱ्यावरचे तांदळाने भरलेले माप उजव्या पायाने लवंडून. तराजू ओलांडून कोणी सून घरात आल्याचे ऐकिवात नाही! याचा अर्थ असा घ्यावा, की घरातील धान्याची मोजदाद आजपासून हिच्या हाती. कणगीतून किंवा पेवातून काढलेले धान्य पुढच्या सुगीपर्यंत पुरविणे हे काम तिचे, आणि त्याचे हत्यार ते माप. रोज दोन शेर जोंधळे काढावयाचे की पावणेदोन, यावर उन्हाळ्यात उसने मागावयास जावे लागणार की नाही हे ठरे.

धान्य कोठारातून चुलीपाशी आले म्हणजे मग शेर-पायलीही मागे पडत आणि बाईचा हात हेच माप होई. चिमूटभर हिंग, मूठभर दाणे, पसाभर पीठ, ओंजळभर मुरमुरे. आवळ्याएवढी चिंच, सुपारीएवढा गूळ, लिंबाएवढा लोण्याचा गोळा. तांदळावर पाणी किती, तर बोटाचे एक पेर बुडेल इतके. ही पेराची युक्ती पाहावयास साधी, पण तिच्यात शहाणपण आहे: भांडे तेच असेल तर तांदूळ चार जणांचा असो की आठ जणांचा, बोट टेकले की काम होते. पिठात पाणी किती हे तर कोणी मोजतच नाही, पीठ सांगते. हाताच्या या मापांना हसणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे, की स्वयंपाकात मुख्यतः प्रमाण सांभाळावयाचे असते. एकीची मूठ मोठी, एकीची लहान; पण दाणेही तिच्याच मुठीने आणि तिखटही तिच्याच चिमटीने पडते, म्हणून चव जुळते. अडचण येते ती एकीच्या मुठीची कृती दुसरीला कागदावरून करावयाची असते तेव्हा.

ती वेळ छापील पाकपुस्तकांनी आणली. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ साली निघाले. दंग्याचे साल आणि मराठी पाकपुस्तकाचे साल एकच, हा योगायोग पाहून मौज वाटते. पुढे १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ आले. जुन्या पाकपुस्तकांत शेर, पावशेर, तोळा अशी परिमाणे येतात, आणि तेथे नव्या वाचकाची फसगत होते. कारण शेर दोन होते. एक मापाचा आणि एक वजनाचा. वजनाचे कोष्टक निराळे: आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, पाच तोळ्यांचा छटाक, दहा तोळ्यांचा नवटाक, वीस तोळ्यांचा पावशेर, चाळीस तोळ्यांचा अच्छेर आणि ऐंशी तोळ्यांचा पक्का शेर. मुंबईत तर अठ्ठावीस तोळ्यांचाही एक शेर चाले. तेव्हा जुन्या वहीत ‘तांदूळ शेरभर, तूप पावशेर’ असे लिहिलेले असले, तर तांदळाचा शेर बहुधा मापाचा आणि तुपाचा पावशेर बहुधा वजनाचा, हे लिहिणारीला ठाऊक असे. तिने ते लिहून ठेवले नाही, कारण ते कोणाला ठाऊक नसेल असे तिच्या मनातही आले नाही.

सरकारने या गोंधळात हात घातला तो टप्प्याटप्प्याने. मुंबई इलाख्याने १९३२ साली वजन-मापांचा कायदा केला. १९३९ साली मध्यवर्ती कायद्याने ऐंशी तोळ्यांचा शेर आणि चाळीस शेरांचा मण हे वजन साऱ्या देशासाठी प्रमाण ठरविले. स्वातंत्र्यानंतर १९५६ साली वजन-मापांच्या प्रमाणाचा कायदा झाला आणि दशमान पद्धती आली. आधी नाणे बदलले: १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे चौसष्ट पैसे जाऊन शंभर नवे पैसे झाले. ऑक्टोबर १९५८ पासून निवडक क्षेत्रांत किलोची वजने सुरू झाली, आणि १ एप्रिल १९६२ पासून देशभर व्यापारात तीच सक्तीची झाली. त्या दरम्यान १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला होता आणि १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले होते. म्हणजे पाच-सहा वर्षांच्या आत खर्ड्याच्या बाईने सरहद्द गेलेली पाहिली, आणा-पै गेलेली पाहिली आणि शेर गेलेला पाहिला. शाळेत घोकून घेतलेल्या पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी यांचाही उपयोग एकाएकी निम्म्यावर आला. सरहद्द गेल्याचे कोणाला दुःख झाले नाही, पण पावकी-निमकी जाताना मागे वळून पाहणाऱ्या पुष्कळ होत्या.

वजन बदलले तेव्हा प्रत्यक्ष काय झाले ते पाहण्यासारखे आहे. तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम, तेव्हा पक्का शेर ९३३ ग्रॅमचा. त्याची जागा किलोने घेतली. पावशेर २३३ ग्रॅमचा होता, तो बोलण्यात तसाच राहिला आणि काट्यावर २५० ग्रॅमचा झाला. म्हणजे शंभरास सात या हिशेबाने फुगला. छटाक ५८ ग्रॅमचा होता. त्याऐवजी दुकानात ५० ग्रॅमचे वजन पुढे आले, म्हणजे तो आक्रसला. आता गंमत पाहा. जुन्या हिशेबी चार छटाकांचा एक पावशेर होत असे. नव्या वजनांनी चार वेळा पन्नास ग्रॅम म्हणजे दोनशेच होतात, अडीचशे नाही. ज्या पदार्थात पीठ पावशेरात आणि तूप छटाकात सांगितलेले असे, त्यात पीठ वाढले आणि तूप कमी पडले. ‘हल्ली पूर्वीसारख्या खुसखुशीत करंज्या होत नाहीत’ या तक्रारीचे खापर नेहमी नव्या सुनेवर फुटते. थोडे छटाकावरही फुटावयास हरकत नसावी. नवटाकाचे तर काय सांगावे! त्या शब्दाने स्वयंपाकघर सोडले आणि दारूच्या गुत्त्यात जाऊन बसला.

ही झाली जुन्या वजनाचे नवे वजन करण्याची गोष्ट. मापाचे वजन करणे याहून अवघड, कारण तेथे एकच आकडा सर्वांना लागू पडत नाही. दोनशे ग्रॅम पाणी मावणारी वाटी घ्या. तीत तांदूळ सुमारे १६५ ग्रॅम भरतात, साखर १७० च्या आसपास, रवा १४०, चाळलेली कणीक १०० ते ११०, तेल १८५, बारीक मीठ मात्र २४० पर्यंत. मुरमुरे भरले तर वीस ग्रॅमही कसेबसे. म्हणजे वाटीला वाटी रवा-साखर घेऊन केलेला लाडू, आणि वजनाला वजन रवा-साखर घेऊन केलेला लाडू, यांत पहिला जास्त गोड होणार. कणकेचे तर तंत्रच निराळे: चाळल्यावर फुगते, डब्यात राहिली म्हणजे बसते, दाबून भरली तर त्याच वाटीत चौथाई अधिक मावते. अमेरिकेत अजूनही घरोघरी कपाने मोजतात. तेथे फॅनी फार्मर या बाईंनी १८९६ साली आपल्या पाकपुस्तकात कप आणि चमचा भरून वर सुरीने सपाट करावयाचा, असा दंडक घातला. आपल्या शिगेचा बंदोबस्त त्यांनी असा केला म्हणावयाचा!

अनारशांचे उदाहरण सर्वांना पटेल. अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारशांचे वाण द्यावयाचे, आणि नेमके तेव्हाच ते कढईत हसावयाचे. भिजवून, वाळवून, कुटून केलेले तांदळाचे पीठ हलके असते आणि चिरलेला गूळ जड. कृतीत ‘पिठाइतकाच गूळ’ असे म्हटलेले असते. ती वजनाची गोष्ट असताना मापाला माप गूळ घातला, तर वजनात गूळ पिठाच्या दीडपटीजवळ जातो आणि अनारसा तुपात पसरतो. उलट जिच्या आजीने ‘मापाला पाऊण माप’ सांगितले होते तिने किलोला पाऊण किलो घेतला, तर अनारसा हसत नाही पण दाताला लागतो. अनारसा हसला की सुगरणीच्या हाताला नावे ठेवतात. पाहिले तर दोष हाताचा नसून, कोणत्या ‘पाऊण’ची गोष्ट चालली आहे हे न विचारल्याचा असतो.

मापाचे वजन झाले याचा मोठा धडा आपल्या भागाला १९७२ च्या दुष्काळाने दिला. नगर जिल्ह्याने तो दुष्काळ पुरेपूर भोगला. कणग्या रिकाम्या झाल्या तेव्हा घरच्या मापाला मोजावयास काही उरले नाही. रेशनच्या दुकानातून लाल मिलो येई तो किलोने. खडी फोडावयास जाणाऱ्या बायकांच्या कामाचा ढीग मात्र घनफुटांनी मोजला जाई. शंभर घनफुटांचा एक ब्रास. म्हणजे कष्ट मापाने मोजले गेले आणि अन्न तोलाने मिळाले. खडीच्या ढिगाला शीग धरावयाची की नाही, हा वाद तेथेही होताच.

असे असूनही रांधणाऱ्या बाईने माप सोडले नाही, आणि ते योग्यच केले. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० साली निघाले, म्हणजे किलो सक्तीचा होऊन आठ वर्षे झाल्यावर. तरी त्यांनी मुख्यतः वाटी आणि चमचा हेच प्रमाण धरले. त्या पुस्तकाने घरोघर जे प्रेम मिळविले त्याचे निम्मे श्रेय मी त्या वाटीला देईन. चार माणसांच्या घरात काटा काढून बसावयास कोणाला सवड आहे? वाटी सर्वांच्या मांडणीवर असते.

परंतु बाईचे रांधणे घराबाहेर पडले की वाटी पुरत नाही, तेथे तोल लागतोच. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटावयास सुरुवात केली, त्याचे पुढे लिज्जत झाले. तेथे मळलेले पीठ बायका तोलून घरी नेतात आणि लाटलेल्या पापडांची मजुरी किलोमागे ठरते. शीग नाही, अंगठा नाही, ठोकून भरणे नाही. सुगीच्या मजुरीचे माप ज्यांच्या आज्यांनी सोसले, त्यांना याची किंमत कळेल. शाळेतील पोषण आहाराचेही तसेच. पहिली ते पाचवीच्या मुलामागे शंभर ग्रॅम धान्य आणि वीस ग्रॅम डाळ, सहावी ते आठवीच्या मुलामागे दीडशे ग्रॅम धान्य आणि तीस ग्रॅम डाळ, असे प्रमाण त्या योजनेने ठरवून दिले. साठ लहान मुले असली तर सहा किलो तांदूळ. आता पातेल्यासमोर उभ्या राहिलेल्या बाईला रोज काटा हाताशी असतोच असे नाही. ती डबा भरून घेते. डब्यात किती किलो मावतात हे तिने एकदा तोलून ठरविलेले असले तर साठावे मूल उपाशी राहत नाही. बचतगटाच्या चटण्या, पापड, कुरडया पाकिटातून विकावयाच्या तर पाकिटावर वजन छापणे कायद्याने आवश्यक आहे. ‘एक वाटी शेंगदाण्याची चटणी’ असे पाकिटावर लिहून चालत नाही.

ज्यांना आपल्या घरची कृती वजनात बसवावयाची आहे, त्यांच्यासाठी त्या १७९५ च्या फ्रेंच कायद्यातली पाण्याची युक्ती आजही उपयोगी आहे. आपली नेहमीची वाटी रिकामी तोलावी, मग पाणी भरून तोलावी. जेवढे ग्रॅम जास्त भरतील तेवढी त्या वाटीची माप-शक्ती. मग तांदूळ, रवा, पीठ, गूळ, तिखट, प्रत्येक जिन्नस आपल्याच हाताने, आपण नेहमी भरतो तसाच भरून तीन वेळा तोलावा आणि मधला आकडा लिहून ठेवावा. दुसरीच्या वहीतले आकडे उतरून घेऊ नयेत; तिचा हात निराळा. मीठ खड्याचे की बारीक, हे जरूर लिहावे. खडे मीठ पोकळ भरते. खड्या मिठाची वाटी धरून लिहिलेल्या लोणच्यात बारीक मिठाची वाटी गेली तर लोणचे खारट होते, आणि उलट झाले तर पावसाळ्यात बुरशी येते. नवे तांदूळ पाणी कमी पितात आणि जुने जास्त, हे मात्र काट्यालाही कळत नाही. तेथे बोटाचे पेरच खरे.

व्यापाराच्या जगातून शेर-पायली गेली तरी शब्द चिवट असतात. बाजार समितीत पोती काट्यावर तोलणाऱ्याला आजही मापाडी म्हणतात. आठवड्याच्या बाजारात शेंगा आणि मुरमुरे मापाने देणारे भेटतात, आणि वर मूठभर घातल्याशिवाय आपण पिशवी मिटत नाही.

आपल्यापैकी काही घरांत माळ्यावर किंवा देवघराच्या कोनाड्यात जुने पितळी, लोखंडी किंवा लाकडी माप अजून असेल. लग्नकार्यात तेवढे बाहेर निघत असेल. ते धातूचे असल्यास एकदा काठोकाठ पाण्याने भरून ते पाणी तोलावे. लाकडी असल्यास पाणी न घालता तांदळाने सपाट भरून तोलावे. वजन, मापाचे नाव, आणि ते कोणत्या गावाहून आले, सासरकडून की माहेरकडून, एवढे एका चिठ्ठीवर लिहून मंडळाकडे द्यावे. पंधरा-वीस घरांच्या चिठ्ठ्या जमल्या तरी खर्ड्याचा शेर आणि पलीकडच्या मुलुखातला शेर यांत किती मुठींचे अंतर होते, हे पुढील स्मरणिकेत आकड्यांनिशी छापता येईल.